काळी मुसळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडला की सिंहगड, मुळशी, ताम्हिणी, मावळ या भागांत फिरणारे लोक जमिनीलगतच्या एका पिवळ्या फुलाबद्दल विचारू लागतात. बहुतेक वेळा ते काळ्या मुसळीचं असतं. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. पुण्याचं हवामान आणि पुण्याच्या पश्चिमेकडची जंगलं डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. कोकणात किंवा विदर्भात वेळापत्रक थोडं मागेपुढे होईल.

जमिनीलगत पिवळं फूल दिसलं. ती काळी मुसळीच आहे हे कसं ओळखायचं?

फूल सहा पाकळ्यांचं, गडद पिवळं, साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर रुंद. ते मातीपासून दोन-चार सेंटिमीटरवरच उमलतं, कधी तर मातीला टेकलेलंच असतं. मध्ये सहा पुंकेसर. पाकळ्यांच्या मागच्या बाजूला लांब मऊ केस असतात. उमललेल्या फुलात ते वरून दिसत नाहीत, कळी पाहिली की लगेच दिसतात.

पानं थेट जमिनीतून निघतात, बहुधा तीन ते सहा. लांबी वीतभरापासून हातभरापर्यंत, रुंदी एक-दोन सेंटिमीटर, टोकाकडे निमुळती. पानावर लांबीच्या दिशेने साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या असतात. फूल नसताना याच घड्या खूण म्हणून उपयोगी पडतात, कारण फुलांचा हंगाम थोडा आणि पानांचा लांब असतो.

शास्त्रीय नाव कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गार्टनरने १७८८ मध्ये हे नाव दिलं. आज ती हायपॉक्सिडेसी कुळात धरतात. जुन्या पुस्तकांत शोधायची असेल तर अमॅरिलिडेसी कुळात पाहा.

फुलाचा देठ इतका बारीक आणि केसाळ का असतो?

कारण तो देठच नसतो. काळ्या मुसळीचा बीजांडकोश मातीच्या पातळीखाली, पानांच्या तळाशी, आवरणांच्या आत दडलेला असतो. खरा फुलोऱ्याचा दांडाही तिथेच, अगदी आखूड. बीजांडकोशाच्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, दोऱ्याएवढी बारीक, केसाळ चोच असते. तीच पाकळ्यांना मातीबाहेर उचलून धरते आणि आपल्याला देठ वाटते.

म्हणजे वर दिसतं ते फक्त परागणाचं काम. लहान मधमाश्या पराग गोळा करायला येतात आणि ते काम उरकतं. फळ मातीतच धरतं आणि तिथेच पिकतं. ते साधारण दीड सेंटिमीटरचं, वर चोच शिल्लक राहिलेलं असतं. आत एक ते चार बिया असतात, काळ्याभोर, चकचकीत, पृष्ठभागावर नागमोडी खोल रेघा असलेल्या. एका बीला पाण्याचा थेंब लावून भिंगाखाली धरलं तर या रेघा फार सुंदर दिसतात.

आणखी एक बारकावा: एकाच झाडावरच्या फुलोऱ्यात खालची फुलं उभयलिंगी असतात आणि वरची फक्त नर. त्यामुळे दिसलेल्या प्रत्येक फुलाचं फळ होत नाही. फूल खुडताना चोचीसकट ओढलं गेलं तर मातीतलं फळही जातं. म्हणून ‘एकच तर फूल तोडलं’ असं इथे म्हणता येत नाही.

फुलं कधी पाहायला मिळतात?

वळवाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले तर मे संपता संपता पानांची टोकं वर येतात. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास पोहोचतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे, म्हणजे आर्द्रा नक्षत्र संपेपर्यंत, सर्वांत चांगले. पुढे तुरळक फुलं येत राहतात, पण तोवर आजूबाजूचं गवत आणि तेरडा इतका वाढलेला असतो की ती दिसत नाहीत. सकाळी जा. दुपारनंतर फूल मलूल होतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोनकी आणि तेरड्याच्या पठारांसाठी गर्दी होते. तेव्हा काळी मुसळी शोधायला निघालात तर पानंच मिळतील.

तिला कसं जंगल लागतं?

सावली, पण गच्च नव्हे. ऐन, हिरडा, जांभूळ, धावडा अशी झाडं, त्यांच्या मधून सकाळचं तिरपं ऊन जमिनीवर येतं, असा भाग. सदाहरित जंगलाच्या अंधाऱ्या गाभ्यापेक्षा त्याच्या कडेला, पानझडी जंगलात, जुन्या पायवाटांच्या बाजूला आणि मोठ्या दगडांच्या आडोशाला ती जास्त दिसते. उघड्या कातळावर आणि भर उन्हातल्या माळावर ती शोधू नका.

जमिनीच्या बाबतीत ती जास्त काटेकोर आहे. खोड जमिनीत सरळ खाली उतरतं, २० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. इतक्या खोलीपर्यंत भुसभुशीत, पालापाचोळा कुजून तयार झालेली माती हवी आणि पाणी थांबता कामा नये. सह्याद्रीच्या उतारांवर काळ्या पाषाणावर असा मातीचा थर मुळातच पातळ असतो, आणि तो झाडांच्या मुळांनी व पाचोळ्याने धरून ठेवलेला असतो. पाचोळा गोळा करून नेला, जाळला किंवा उतारावरची झाडं गेली की दोन-तीन पावसाळ्यांत माती वाहून जाते. मग वर कितीही झाडं लावली तरी खालची ही वनस्पती परत येत नाही.

देवराया म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. मुळशी, भोर, मावळ भागातल्या अनेक देवरायांत पडलेली काटकीही न नेण्याची रीत पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. त्यामुळे तिथला पाचोळ्याचा थर शाबूत राहिला. अलीकडे मंदिराच्या जीर्णोद्धारात सभोवती फरशी किंवा काँक्रीट घालतात. वरची झाडं राखली जातात आणि खालची जमीन कायमची बंद होते. देवराईचं काम निघालं असेल तर गावकऱ्यांशी आधी या जमिनीबद्दल बोलावं. फरशीऐवजी दगड-मातीचा ओटा आणि एक ठरलेली पायवाट एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागतं.

पुण्याजवळची नेमकी जागा सांगाल का?

नाही. काळी मुसळी जमिनीतल्या खोडासाठी खणून नेली जाते आणि जागा जाहीर झाली की ती मोकळी होते. ताम्हिणी आणि भीमाशंकर या अभयारण्यांच्या परिसरात, तसंच मुळशी, भोर, मावळ तालुक्यांतल्या पानझडी जंगलांत वर सांगितलेल्या खुणांवरून शोधा. पायवाट न सोडताही ती दिसते.

कुठल्या वनस्पतींशी गल्लत होते?

सर्वांत जास्त पांढऱ्या मुसळीशी, नावामुळे. तिच्यात आणि फोडशी किंवा कुळी म्हणून भाजीला खुडल्या जाणाऱ्या तिच्या भाऊबंदांत फुलं पांढरी असतात, उभ्या दांड्यावर येतात, आणि जमिनीत जाडसर मुळांचा झुबका असतो. काळ्या मुसळीला एकच उभं खोड असतं, बाहेरून काळपट आणि आतून पांढरं. पण हे पाहायला ती उपटायची गरज नाही. पानावर निऱ्या आहेत की नाहीत एवढं बघा.

शिंदीची रोपं पहिल्या एक-दोन वर्षांत फसवतात, कारण त्यांच्या पानांवरही घड्या असतात. ती पानं चिवट आणि ताठ असतात, बोटांत वाकवली की उसळून परत येतात. मुसळीचं पान पातळ आणि लवचिक असतं. जमिनीवरच्या काही आमरींची (ऑर्किडची) पानंही घड्यांची असतात, पण त्यांच्या बुंध्याशी फुगीर कंद जाणवतो. रानहळदीचं पान बरंच रुंद असतं आणि चुरगळलं की हळदीचा वास येतो. सोसायटीच्या बागेत पहिल्या पावसानंतर उगवणारं पिवळं फूल लांब, उघड्या, पोकळ दांड्यावर असेल तर ती रेन लिली. ती बाहेरून आणलेली बागेतली वनस्पती आहे.

उन्हाळ्यात ती मरते का?

मरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडून सुकतात आणि मेपर्यंत जमिनीवर काहीही दिसत नाही. जमिनीतल्या खोडात पिष्टमय पदार्थ साठवलेले असतात. त्याच्या बळावर पुढच्या पावसात पानं आणि फुलं जवळपास एकत्रच वर येतात. इतक्या लवकर फुलण्याचा फायदा असा की गवत उंच होण्याआधी मधमाश्यांना फूल दिसतं.

शेवाळा, सापकांदा, भुईचाफा, रानहळद, कितीतरी आमरी यांचंही गणित असंच आहे. एप्रिलमध्ये जो उतार ओसाड वाटतो तो जमिनीखाली भरलेला असू शकतो.

मग वणव्याने तिचं काय होतं?

एखादा पृष्ठभागावरून जाणारा वणवा खोडापर्यंत पोहोचत नाही, ते वाचतं. दरवर्षी लागणारा वणवा मात्र पाचोळा संपवतो, नव्याने उगवणारी झाडं मारतो, सावली विरळ होते आणि पहिल्याच पावसात उघडी माती वाहून जाते. त्यामुळे ‘वणव्याने कंदांना काही होत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळा केलेला पट्टा, काढताना माती खरवडू नये, फक्त वाळलेलं गवत आणि पाचोळा बाजूला करावा.

आमचा गट टेकडीवर झाडं लावतो. त्याने या फुलांना धोका असतो का?

असतो, आणि हा प्रश्न विचारला जातो याचा आनंद आहे, कारण नुकसान चांगल्या हेतूनेच होतं.

वृक्षारोपणाचे खड्डे साधारणपणे ४५ सेंटिमीटर लांब, तितकेच रुंद आणि तितकेच खोल घेतात. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा एकाच पातळीत खणलेला लांब चर, बहुधा ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. काळी मुसळी आणि तिच्यासारख्या कंदवर्गीय वनस्पती नेमक्या याच वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये राहतात. खड्डे मे महिन्यात खणले जातात, तेव्हा वर काहीच दिसत नसतं. कुदळीच्या घावाने खोडाचा शेंड्याकडचा, कोंब असलेला भाग तुटतो किंवा सगळं खोड मातीच्या ढिगाऱ्यात उलटंपालटं पडून उन्हात सुकतं. यंत्राने चर काढला तर अख्खी ओळच जाते.

आणि गेलेली जागा लवकर भरून येत नाही. बिया मातीतच, आईच्या पायाशी पिकतात, दूर जात नाहीत. पानाचं टोक ओल्या मातीला टेकलं तर तिथे नवं रोप धरतं, पण तेही पानाच्या लांबीइतक्याच अंतरावर.

म्हणून क्रम उलटा करा. जिथे लागवड करायची आहे तिथे आधीच्या पावसाळ्यात, जूनच्या शेवटी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, दोन फेऱ्या मारा. जमिनीलगत काय उगवलं आहे ते पाहा. कंदांचे पुंजके सापडतील तिथे दगडांचं कडं रचून ठेवा. चुन्याची खूण पावसात टिकत नाही आणि बांबूच्या काठ्या उन्हाळ्यात सरपणाला जातात. पुंजक्यापासून निदान दोन मीटर सोडून खड्डा घ्या. खणलेली माती उताराच्या वरच्या बाजूला टाकू नका, ती पावसाबरोबर पुंजक्यावर येते. ज्या उतारावर जमिनीखालचं जंगल आधीच नांदतं आहे तिथे एकही खड्डा न घेणं हे उत्तम काम आहे. गुरं आणि वणवा यांपासून तो उतार राखला तर झाडं आपली आपण येतात.

टेकडीवर गिरिपुष्पाची दाट लागवड आहे. तिथे काळी मुसळी लावावी का?

लावू नये. पुण्यातल्या अनेक टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरून आणलेलं झाड मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं आणि त्याच्या गर्दीखाली स्थानिक वनस्पती फारशा तग धरत नाहीत. आधी स्थानिक झाडांची मिश्र सावली तयार होऊ द्या.

घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन पसरलेली झुडपं काढायची असतील तर डिसेंबर ते मार्च या काळात काढा, म्हणजे पायाखाली कोवळे कोंब नसतात. घाणेरीचा बुंधा उपटताना आजूबाजूची हातभर माती उचकटली जाते. जिथे कंद आहेत हे माहीत आहे तिथे बुंधा जमिनीलगत कापा आणि फुटवे येतील तसे छाटत राहा. वेळ जास्त जातो, पण जमीन वाचते.

जंगलातून एखादं रोप आणून लावलं तर चालेल का?

चालणार नाही. राखीव वनातून वनस्पती खणून नेण्याला भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि अभयारण्यातून नेण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आड येतात. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावर (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य वस्तूंवर) स्थानिक समाजांना दिलेले हक्क वेगळे. ते शहरातून सहलीला गेलेल्या माणसाला लागू होत नाहीत. शिवाय फुलोऱ्यात खणलेलं रोप बहुधा जगतही नाही, कारण लांब खोड पूर्ण निघत नाही, मध्येच तुटतं. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत विचारा. ‘हे कशापासून वाढवलं?’ असा थेट प्रश्न करा. रोप पिशवीत नीट मुळावलेलं नसेल, नुकतंच खुपसल्यासारखं हलत असेल, तर घेऊ नका.

कुंडीत लावायची पद्धत काय?

कुंडी किमान २५ सेंटिमीटर खोल घ्या. रुंदी कमी चालेल, खोली कमी चालत नाही. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, लवकर कोरडी होते. मिश्रणात दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत आणि एक भाग जाड वाळू. पुण्याची काळी चिकण माती अजिबात नको, ती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते.

खोडाचा तुकडा लावायचा असेल तर दीड-दोन सेंटिमीटरचा, डोळा असलेला घ्या. शेंड्याचा तुकडा सर्वांत लवकर फुटतो. कापलेली बाजू सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या, नाहीतर तिथूनच कुज सुरू होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तुकडा उभा ठेवून, डोळा वरच्या बाजूला करून, वर दोन-तीन सेंटिमीटर माती येईल असा लावा. एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवा. पूर्वेकडची गॅलरी किंवा झाडाखालची जागा योग्य. दुपारचं ऊन लागलं तर पानांची टोकं करपतात.

पावसाळ्यात एखादं लांब पान वाकवून त्याचं टोक शेजारच्या छोट्या कुंडीतल्या ओल्या मातीवर गोट्याने दाबून ठेवा. टोकाशी छोटं रोप धरलं तरी मूळ पान आपोआप सुकेपर्यंत कापू नका, तोवर त्याचं पोषण तिथूनच होतं. बियांपासूनही रोपं होतात, पण उगवण फार अनियमित असते. पहिल्याच पावसाळ्यात फुलाची अपेक्षा ठेवू नका.

पहिल्या वर्षी छान वाढली, दुसऱ्या वर्षी उगवलीच नाही. का?

जवळजवळ नेहमीच हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या पाण्यामुळे. पानं सुकली की कुंडी रिकामी वाटते आणि शेजारच्या कुंड्यांबरोबर तिलाही रोज पाणी मिळत राहतं. विश्रांतीत असलेलं खोड ओल्या मातीत कुजतं. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत डिसेंबरात बंद करा. कुंडी भिंतीच्या आडोशाला, पाण्यापासून दूर ठेवा आणि तिच्यावर नावाची पाटी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी त्यात मेथी पेरतं. कुंडीखालची ताटली पावसाळ्यातही काढून टाका.

दुसरं कारण म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये ‘जिवंत आहे का’ हे पाहायला माती उकरणं. बारीक मुळं तुटतात. थांबा. पहिल्या पावसानंतरही दोन-तीन आठवडे वाट पाहा, मग शंका घ्या.

कोवळी पानं कडेने कुरतडलेली दिसली तर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी शोधा आणि हाताने वेचा.

ती औषधी आहे ना? घरी वापरता येईल का?

आयुर्वेदात ती तालमूली या नावाने माहीत आहे आणि औषधात तिचं जमिनीतलं खोडच लागतं. म्हणूनच ती जंगलातून कमी होते: पान किंवा फळ घेतलं तर झाड उरतं, खोड घेतलं की काही उरत नाही. स्वतःच्या मनाने घेऊ नका. वैद्यांनी सांगितली असेल तर लागवडीची आहे का ते विचारून घ्या.

फोटो काढताना आणि नोंद करताना काय पाहायचं?

फूल इतकं खाली असतं की वरून काढलेल्या फोटोत फक्त पिवळा ठिपका येतो. कोपर टेकायला आधी मोकळी जागा बघा, कारण आजूबाजूला त्याच झाडाची किंवा आमरीची कोवळी पानं असतात. तीन फोटो पुरेसे: समोरून फूल, बाजूने कळी आणि पाकळ्यांच्या मागचे केस, आणि घड्या दिसतील असं अख्खं पान. शेजारी एक नाणं ठेवलं तर आकार कळतो. पाचोळा सरकवला असेल तर परत पसरून ठेवा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण ‘ऑब्स्क्युअर्ड’ ठेवा, म्हणजे अचूक जागा लोकांना दिसत नाही आणि अभ्यासाला नोंद तरीही उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ फोटो फाइल म्हणून पाठवला तर त्यात जागेची माहिती जाऊ शकते, ती आधी काढून टाका. गावाजवळच्या जंगलात सापडली असेल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. लोक जैवविविधता नोंदवहीत तिची नोंद असली तर पुढे रस्ता किंवा खाण येताना दाखवायला कागद राहतो.

आमच्या शेतघराच्या आवारात ती आपोआप उगवते. गवत कधी कापावं?

जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्या पट्ट्यात ग्रासकटर फिरवू नका. फुलं जुलैत संपली तरी पुढच्या वर्षीचा साठा पानंच तयार करत असतात. ती हिरवी असताना कापली तर खोड दरवर्षी बारीक होत जातं आणि तीन-चार वर्षांत फुलणं थांबतं. ऑक्टोबरच्या शेवटी पानं पिवळी पडली की कापणी करा, विळ्याने, जमिनीपासून चार बोटं वर. कापलेलं गवत तिथेच पसरून ठेवा, पेटवू नका. तणनाशक त्या आवारात कुठेच नको; पावसाच्या पाण्याबरोबर ते उतारावर खाली येतं.